हर्षाली 'ब' गटात

सरकारला आपल्या मुलीची काळजी वाटते, ही गोष्ट साधनाताईंना ओतूरच्या एसटी स्टँडवर समजली.

गाडी यायची होती. चौकशीच्या खिडकीशेजारी एक पिवळा कागद चिकटवलेला होता. साधनाताईंनी तो आधी वरवर वाचला, मग गाडी आली नाही म्हणून नीट वाचला, आणि तरीही आली नाही म्हणून त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढल्या. कागदाचं म्हणणं असं होतं, की तरुण मुलांच्या आरोग्यावर समाजमाध्यमांचा काय परिणाम होतो याचा सरकारी खर्चानं अभ्यास होणार आहे, त्यासाठी जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके निवडले आहेत, आणि गावोगावी 'स्थानिक समन्वयक' पाहिजेत. मानधनाचा आकडा लाजून अगदी कोपऱ्यात उभा होता. साधनाताईंना आकड्याशी कर्तव्य नव्हतं. त्यांना कर्तव्य होतं ते घरातल्या एका बंद दाराशी.

त्या दारामागे हर्षाली होती. बारावी सायन्स. गेले काही महिने ती घरात होती म्हणजे तिची चप्पल दारात असे, तिचं ताट घासायला पडे, तिची ओढणी दोरीवर वाळत असे. पण ती स्वतः काही भेटत नसे. "जेवलीस का?" विचारलं तर "हं". "जेवणार का?" विचारलं तरी "हं". बाकीचा वेळ ती, तो फोन आणि तोंडावर पडलेला त्याचा निळा उजेड. सुदर्शनरावांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, पतसंस्थेतल्या कर्जदारांना देतात तशी समज देऊन पाहिली. साधनाताईंनी एकदा चार्जरच नेऊन पोह्यांच्या डब्यात लपवला. तर त्या मुलीनं तो मागितलासुद्धा नाही. फोन विझला तशी तीही विझून भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तिसऱ्या प्रहरी साधनाताईंनीच चार्जर काढला, पोह्यांची पूड पुसली आणि तिच्या उशाशी नेऊन लावला.

आईला जे जमत नाही ते सरकारला जमेल, असा भरवसा हल्ली कुणी ठेवत नाही. साधनाताईंनी ठेवला.

अभ्यासाचं कार्यालय घोडेगावला होतं, भाड्याच्या दोन खोल्यांत, खाली खतांचं दुकान. जुन्नरला गाडी बदलून साधनाताई प्रशिक्षणाला पोचल्या तेव्हा तिथं अश्विनी मॅडम नावाची एक तरतरीत मुलगी पडद्यावर चित्रं दाखवत होती. ती पुण्याची डॉक्टर होती, पण वयानं इतकी लहान, की साधनाताईंनी तिला आधी "बाळ, मॅडम कुठायत?" असं विचारलं. सुरुवात जरा अशी झाली.

अभ्यासाची रीत साधी होती. नाव नोंदवलेल्या मुलांचे संगणक दोन गट पाडणार. 'अ' गटानं श्रावण संपेपर्यंत समाजमाध्यमं पूर्ण बंद करायची. 'ब' गटानं सगळं नेहमीप्रमाणे चालू ठेवायचं. सगळ्यांच्या मनगटावर झोप मोजणारा काळा पट्टा. आणि रोज संध्याकाळी समन्वयकानं प्रत्येकाला ठरलेले प्रश्न विचारून उत्तरं ॲपमध्ये भरायची. फोनचे दुष्परिणाम शोधायचं हे काम सगळं फोनवरच होतं. त्यासाठी काढलेल्या ग्रुपवर पहिल्याच दिवशी चाळीस समन्वयकांची फुलांसकट शुभ सकाळ येऊन पडली.

"सगळ्यात महत्त्वाचं," अश्विनी मॅडम म्हणाल्या, "उत्तर आलं की फक्त 'बरं' म्हणायचं. सल्ला नाही, दाखला नाही, 'आमच्या वेळी' तर अजिबात नाही. काही गंभीर निघालं तर लगेच मला फोन. बाकी काही नाही."

"मग आपण बोलायचं काय?" साधनाताईंनी विचारलं.

"बोलायचं नाही, ताई. ऐकायचं."

साधनाताईंनी हे वाक्य लिहून घेतलं. त्या सुट्टीत हस्ताक्षराचे वर्ग घेत आल्या होत्या, आणि मुलांना गप्प करण्याचा त्यांचा अनुभव दांडगा होता. स्वतः गप्प बसण्याचा मुळीच नव्हता.

निळ्या पट्टीचं ओळखपत्र गळ्यात घालून त्या घरी आल्या, तेव्हा सुदर्शनरावांनी पेपरवरून नजर उचलली. "अगं, रेशनला जाताना पण घालणार का हे?"

"अहो, चेष्टा करू नका. सरकारी काम आहे."

"म्हणूनच विचारलं. सरकारी कामाला वेळ लागतो, तोवर भाजी कोण आणणार?"

मुलं गोळा करताना वेगळीच परीक्षा झाली. ओतुरातल्या आयांना तो पट्टा फार आवडला आणि त्याच कारणानं मुलांना आवडला नाही. "हे घड्याळ कुठं कुठं गेलो ते सांगतं का?" असं तीन मुलांनी वेगवेगळं येऊन हळूच विचारलं, त्यावरून साधनाताईंना गावाची बरीच नवी माहिती झाली. एका बाईंना पट्टा नवऱ्यासाठी पाहिजे होता. पिंपळवंडीला साळुबाई नावाच्या आजींनी नातवाचं, सूरजचं मनगट पुढं केलं आणि पट्टा उलटसुलट करून विचारलं, "मास्तरीणबाई, बिबट्या आला तर ह्ये वाजतं का?"

"नाही हो आजी. हे झोप मोजतं."

"झोप काय मोजायची? पोरगं झोपलं का जागं हाय ते मला बघून कळतंय. बिबट्याचं काय कळत न्हाई, तेचं काढा की कायतरी."

हर्षालीनं सही केली ती मात्र निमूटपणे. समोरच्या किराणा दुकानाच्या गुलाबबाईंची नात सिद्धी, तिची शाळेपासूनची मैत्रीण, तिनं केली होती म्हणून केली, की आई एकदाची पाठ सोडेल म्हणून केली, कोण जाणे. साधनाताईंनी त्या रात्री देवापुढं जास्तीचं निरांजन लावलं. आता पोरीचा फोन सुटणार होता, आणि वाईटपणा सरकारच्या माथी जाणार होता.

संगणकानं हर्षालीला 'ब' गटात टाकलं. नेहमीप्रमाणे चालू ठेवणाऱ्यांत.

साधनाताईंनी दुसऱ्या दिवशीची पहिली गाडी पकडली.

"मॅडम, काहीतरी चूक झाली आहे. माझी मुलगी 'अ' मध्ये पाहिजे."

"ताई, ते संगणक ठरवतो. चिठ्ठ्या टाकल्यासारखं असतं."

"मग पुन्हा टाका."

"पुन्हा नाही टाकता येत."

"अहो, साधा ड्रेस मापाला बसला नाही तर आमच्या समोरचे कापडवाले उत्तमचंद शेट हसत बदलून देतात, आणि हे तर माझं पोटचं पोर आहे!"

अश्विनी मॅडमनी डोळे मिटून उघडले. "असं एकेकाला बदलत गेलो तर ज्या मुलांच्या आया काळजी करतात ती सगळी 'अ' मध्ये जातील आणि उरलेली 'ब' मध्ये. मग फरक फोनचा, की आयांचा, कसं कळणार? आणि हे बघा, आता तुम्ही तिचा फोन काढून घ्यायचा नाही. त्यावरून बोलायचंही नाही. तिला अभ्यासातून बाहेर पडायचं असेल तर तिनं स्वतः सांगितलं पाहिजे."

थोडक्यात, मुलीचा फोन सुटावा म्हणून साधनाताई समन्वयक झाल्या आणि समन्वयक झाल्यामुळे मुलीला "फोन ठेव" म्हणायचा जन्मसिद्ध हक्क गमावून बसल्या. परतीच्या गाडीत त्यांना खिडकी मिळाली होती, पण त्यांनी बाहेर बघितलं नाही.

त्याच संध्याकाळी प्रश्न सुरू झाले. साधनाताईंनी जेवणाच्या टेबलावरचं लोणचं आणि मिठाची वाटी बाजूला सारली, ओळखपत्र सरळ केलं, आणि सुदर्शनरावांना ओट्यावर पाठवलं.

"माझ्याच घरातून मला बाहेर?"

"मुलाखत खासगी असते."

"मग मलाही विचार काहीतरी."

"तुम्ही वयात बसत नाही."

हर्षाली समोर येऊन बसली. ॲपमधले प्रश्न कुण्या सभ्य माणसानं लिहिले होते. सगळे 'तुम्ही' घालून. पुस्तिकेत ताकीद होती, की प्रश्न जसाच्या तसा वाचावा, शब्द बदलू नये.

"काल रात्री तुम्हाला झोप कशी लागली?"

हर्षालीनं वर पाहिलं. आईनं आपल्याला 'तुम्ही' म्हटल्याचं तिला ओठाच्या एका कोपऱ्यात थोडंसं हसू आलं, असं साधनाताईंना वाटलं. वाटलं असेल.

"ठीक."

"बरं. आज तुम्हाला भूक लागली का?"

"हं."

"बरं."

पहिले काही दिवस एवढंच. मग एका संध्याकाळी प्रश्न आला, "झोपेत जाग येत असल्यास, कशामुळे?" खाली पर्याय होते: आवाज, उकाडा, काळजी, इतर. हर्षाली त्या पर्यायांकडे मेनूकार्ड बघावं तशी बघत बसली. मग म्हणाली, "काळजी."

साधनाताईंच्या तोंडाशी कसली काळजी, कुणाची काळजी, तुला काय कमी केलंय आम्ही, हे सगळं एकदम आलं. "बरं," त्या म्हणाल्या. प्रश्न संपल्यावर त्या स्वयंपाकघरात गेल्या, पोह्यांचा डबा उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. पोहे जागेवर होते.

पुढच्या आठवड्यात विचारलं गेलं, "पूर्वी आवडणारी पण आता करावीशी वाटत नाही अशी एखादी गोष्ट?"

"गाणं," हर्षाली म्हणाली.

साधनाताईंना वाटत आलं होतं, बारावीचं वर्ष आहे, गाणं मागं पडणारच. मागं पडणं आणि करावंसं न वाटणं यात अंतर असतं, हे त्यांना आत्ता कळलं.

"बरं."

"कॉलेजात जावंसं पण वाटत नाही," हर्षाली म्हणाली. हे तर कुणी विचारलंही नव्हतं. ॲपमध्ये त्याला जागा नव्हती. साधनाताईंनी ते कुठंच भरलं नाही, पण त्या दिवसापासून त्यांचं दुपारचं लक्ष संध्याकाळकडे लागायला लागलं. चहा करताना लागायचं, भाजी निवडताना लागायचं. महिनोन् महिने जी मुलगी सापडली नव्हती ती आता रोज थोडा वेळ समोरच्या खुर्चीत येऊन बसत होती, आणि त्याला कारण सरकार होतं. एकंदर अभ्यासाचं काय व्हायचं ते होवो, हा श्रावण मात्र लवकर संपू नये, असं त्यांना वाटू लागलं.

आणि नेमकं त्याच सुमाराला गावानं अभ्यास हातात घेतला.

त्याचं असं झालं, की 'अ' गटातली मुलं कासावीस झाली होती. दोघांनी गुपचूप फोन बघितला, एक रडला, एकानं सरळ पट्टा परत आणून दिला. साधनाताई हे गुलाबबाईंच्या दुकानात बसून सांगत होत्या. सिद्धी 'अ' गटात होती, म्हणून गुलाबबाईंचा या विषयात जीव होता.

"ताई, राग येऊ देऊ नका," गुलाबबाई हिंगाच्या डब्या लावता लावता म्हणाल्या, "पण तुमचं सरकार 'सोडा' म्हणतं आणि निघून जातं. असं कुठं सोडणं होतं का? गेल्या पर्युषणात आमच्या सिद्धीनं अठाई केली. आठ दिवस नुसतं उकळून गार केलेलं पाणी. एकटीला झालं असतं? तिनं आधी सगळ्यांसमोर पच्चक्खाण घेतलं, म्हणजे सोडायचा नेम. मग रोज माणसं यायची घरी. 'साता आहे ना?' विचारायची. साता म्हणजे बरं आहे ना जिवाला. सोडणाऱ्या माणसाला एकटं सोडायचं नसतं, ताई."

"भाभी, पण हा उपास नाही."

"चातुर्मासात तुमच्याकडे कुणी वांगं सोडतं, कुणी कांदा सोडतं. पोरांनी फोन सोडला म्हणायचं. नेम तो नेम."

साधनाताईंना ही कल्पना इतकी आवडली, की ती अश्विनी मॅडमना विचारायला पाहिजे हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. पुढच्या श्रावणी सोमवारी देवळाच्या सभामंडपात 'अ' गटाची मुलं रांगेनं बसली, आणि सगळ्यांनी महिनाअखेरपर्यंतचा नेम घेतला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पिंपळवंडीची मुलं टेंपो करून आली होती. आणि दुसऱ्या दिवसापासून त्या मुलांकडे रीघ लागली. "काय रे, करमतंय का? साता आहे ना?" मराठा, माळी, सगळी घरं बिनदिक्कत 'साता' विचारायला लागली. नेमाचं पोर म्हणून कुणी शाबुदाण्याचे वडे आणायचं, कुणी राजगिऱ्याचे लाडू. मुलांना एवढं कुणी कधी विचारलं नव्हतं. ती नीट झोपायला लागली. आरोग्यावर परिणाम तर उघडच दिसत होता. दोघांच्या विजारी घट्ट झाल्या.

मग 'ब' गटाच्या आया उठल्या.

"मास्तरीणबाई," पिंपळवंडीच्या साळुबाईंनी फोनवरच धरलं, "शेजारच्या कुंडलिकच्या पोराला तुमी नेमाला बसिवलं, अन् आमच्या सूरजला सांगताय तू बगत बस! आमी काय तुमचं घोडं मारलंय?"

"आजी, तसं नाही. तो तुलनेसाठी आहे."

"म्हंजी कुंडलिकचं चांगलं दिसावं म्हून आमचं वाईट ठिवायचं?"

साधनाताईंनी पुस्तिका चाळली. यावर उत्तर नव्हतं.

"म्या त्याचा फोन ज्वारीच्या कोठीत घातलाय," साळुबाईंनी निकाल दिला. "आता आमचं बी पोरगं नेमाला."

बघता बघता 'ब' गटातल्या एकेका घरचा फोन कोठीत, कपाटात, देव्हाऱ्यामागं जाऊन बसला. ज्या मुलाला घरचे ऐकेनात त्यानं स्वतःच ठेवला, कारण रस्त्यानं जाताना लोक त्याच्याकडे वाया जाण्यासाठी सरकारनं निवडलेला मुलगा म्हणून बघत होते. घोडेगावहून अश्विनी मॅडमचा फोन आला. आवाज गोड होता, पण ओढून धरलेला. "ताई, तुमचा 'ब' गट फोन का वापरत नाहीये? असंच राहिलं तर तुमचं केंद्र रद्द करावं लागेल."

रद्द. साधनाताईंच्या डोळ्यांपुढं अभ्यास आला नाही, सरकार आलं नाही. टेबलाशेजारची रिकामी खुर्ची आली.

आणि मग तुम्हाला ओतूर-पिंपळवंडीत कुणीही सांगेल असा तो आठवडा उजाडला. गळ्यात ओळखपत्र घालून एक मध्यमवयीन, संस्कारी, हस्ताक्षर वळणदार करणारी बाई दारोदार फिरून हात जोडत होती, "कृपा करून मुलांना फोन द्या हो. निदान तासभर तरी बघू द्या." एका वडिलांनी त्यांना पाणी दिलं आणि म्हणाले, "ताई, देतो फोन. पण बारावीत कमी पडले तर सरकार जबाबदार असं लेखी द्या." एका आईनं फोन दिला, पण त्यात फक्त कीर्तनं लागतील अशी तजवीज करून दिला. बाजारात मागून आवाज आला, "त्या बघ, पोरांना बिघडवणाऱ्या ताई." साधनाताईंनी मागं वळून पाहिलं नाही. कोथिंबिरीची जुडी निवडत उभ्या राहिल्या. जुडी चांगली नव्हती, तरी घेतली.

पिंपळवंडीला साळुबाईंपुढं तर त्यांनी पदरच पसरला. "आजी, माझ्यासाठी द्या."

साळुबाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "तुमचं काय आडलंय एवढं?"

"माझी मुलगी पण याच गटात आहे," साधनाताई म्हणाल्या. "हे बंद पडलं तर... ती माझ्याशी बोलते हो, आजी. या कामापुरतीच बोलते."

साळुबाई उठल्या, कोठीत कोपरापर्यंत हात घालून फोन काढला, फुंकर मारून दाणे उडवले आणि सूरजच्या हातात दिला. "बग रं. सरकारचं काम हाय, हयगय नगं. म्या बसते हितं." आणि काम नीट होतंय ना हे बघायला त्या खरंच त्याच्या शेजारी पाटावर बसल्या.

चार दिवसांनी सूरजचा फोन आला. "ताई, मला कायच बगायला मिळंना. आजीच फोन सोडत न्हाई. सारखी म्हन्ती, लाव फुडचं, लाव फुडचं."

अश्विनी मॅडम जीपनं आल्या त्या दिवशी सुदर्शनरावांनी मुद्दाम रजा काढून बेसनाचे लाडू आणले होते. मॅडमनी लाडवाला हात लावला नाही, हे बघूनच साधनाताई समजल्या. लॅपटॉप उघडला. पडद्यावर खूप रेघा होत्या.

"तुमच्या 'अ' गटाची झोप सुधारलीय. उदासपणा कमी झालाय."

"वा! मग?"

"मग का सुधारली ते सांगता येत नाही, ताई. फोन सुटला म्हणून? की रोज घरी येऊन कुणीतरी 'बरं आहे ना' विचारतंय म्हणून? की वड्यांमुळे?" त्या हसल्या, पण थकून. "आणि 'ब' गट. त्यांचंही सुधारलंय. एक सोडून. एक मूल फक्त ठरल्याप्रमाणे, नेहमीप्रमाणे राहिलंय. बाकी तुमच्याकडे 'नेहमीप्रमाणे' असं कुणी उरलंच नाही."

सगळ्या वर चढणाऱ्या रेघांच्या खाली एक रेघ जमिनीलगत सरपटत होती.

"नाव सांगता येत नाही," मॅडम हळूच म्हणाल्या.

"नका सांगू," साधनाताई म्हणाल्या.

गावातल्या प्रत्येक मुलाची कुणी ना कुणी विचारपूस केली होती, कारण प्रत्येकानं काहीतरी सोडलं होतं. समन्वयकाची मुलगी तेवढी नियमाप्रमाणे, कुणी हात न लावता, जशीच्या तशी ठेवलेली होती.

"केंद्र रद्द झालं तरी प्रश्न तेवढे चालू ठेवता येतील का?" साधनाताईंनी विचारलं. "मी ते कुठं पाठवणार नाही. नुसते विचारीन."

"ॲप आज बंद होईल, ताई." मॅडमनी लॅपटॉप मिटला. "तिच्याशी घरात कुणी बोलतं का?"

"मी. संध्याकाळी. तुमचे प्रश्न."

"आणि प्रश्न नसतात तेव्हा?"

साधनाताईंनी लाडवांची बशी सरळ केली. एकदा, दोनदा.

"बरं," अश्विनी मॅडम म्हणाल्या. जाताना त्यांनी घोडेगावच्या समुपदेशक बाईंचा नंबर दिला, मुलीची इच्छा असेल तर. आणि काळे पट्टे व ओळखपत्र घेऊन गेल्या. ते गळ्यातून काढताना साधनाताईंच्या अंबाड्याची पिन अडकली, आणि त्या डॉक्टर मुलीनं ती अलगद सोडवून दिली.

संध्याकाळ झाली. साधनाताई गॅसपाशी उभ्या राहून काहीतरी ढवळत होत्या. मागं खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"आज विचारायचं नाही?" हर्षाली.

"बंद झालं. आपलं केंद्र रद्द केलं."

"हं."

पण ती उठली नाही. मिठाची वाटी तिनंच बाजूला सारली.

"म्हणजे आता तू परत मला अगं-तुगं करणार," ती म्हणाली.

साधनाताई वळल्या.

"'तुम्ही' म्हटलं की बरं वाटायचं. 'तुम्ही' म्हणून ओरडता येत नाही ना."

साधनाताईंनी गॅस बंद केला. पदराला हात पुसले. समोरच्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "बोला."

हर्षालीनं फोन टेबलावरून आईकडे सरकवला.

पडद्यावर कॉलेजचं गॅदरिंग होतं. निळ्या ड्रेसमधली हर्षाली माइकसमोर उभी राहून गात होती. चांगलं चाललं होतं. मग एक वरचा सूर आला, तिचा आवाज चिरकला, आणि बरोबर त्याच ठिकाणी कुणीतरी बकरीचं ओरडणं जोडलं होतं. पुन्हा सूर, पुन्हा बकरी. पुन्हा. खाली हसणाऱ्या तोंडांची रांगच रांग, सगळी ओळखीच्या नावांची. त्यात सिद्धीचंही एक. रोज रात्री ही मुलगी काय बघत होती, ते साधनाताईंनी आज पहिल्यांदा बघितलं. ती हे बघत होती, आणि खाली हसणारे किती वाढले ते.

त्यांच्या मनात एकदम गर्दी झाली. कोणाचं कार्टं आहे हे, प्रिन्सिपॉलना भेटते, त्या सिद्धीला विचारते, तू आधी का नाही सांगितलंस, जाऊ दे गं, एवढं काय मनाला लावून घ्यायचं. एकेक वाक्य जिभेपर्यंत आलं आणि त्यांनी ते परत पाठवलं. आणि या सगळ्या गर्दीतून, मागून कोपर मारत, भलतंच काहीतरी पुढं आलं. ती बकरी फार अचूक ओरडत होती. साधनाताईंनी पदर तोंडाला लावला, पण खांदे हलले.

"हसलीस," हर्षाली म्हणाली.

"नाही."

"आई, तू हसलीस."

त्या क्षणी साधनाताईंना जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. हा सरकारचा नियम नव्हता, हा कुठलाच नियम नव्हता. दुखावलेल्या पोरीसमोर आई हसली होती. "अगं, तुला नाही गं," त्या चाचरल्या, डोळ्यांत पाणी, "ती... ती बकरी..."

हर्षालीनं फोन आपल्याकडे ओढला. एकदा बघितलं. मग म्हणाली, "बकरी सुरात आहे."

आणि तिचं तोंड वाकडं झालं. रडण्यानं की हसण्यानं हे तिलाही आधी कळलं नसावं. मग दोघी एकदमच फुटल्या, टेबलावर डोकं टेकून, एकमेकींचे हात धरून, इतक्या की ओट्यावरून सुदर्शनरावांनी घाबरून विचारलं, "काय झालं? आत येऊ का?" आणि दोघी एका आवाजात ओरडल्या, "नाही!"

हसू ओसरलं. हर्षालीनं ओढणीनं नाक पुसलं.

"ह्याच्या पुढची ओळ मी बरोबर घेतली होती," ती म्हणाली. "टाळ्या पण आल्या होत्या, खूप. तेवढं कुणी टाकलंच नाही."

साधनाताईंनी खुर्ची पुढं ओढली. हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या.

समोर उत्तमचंद शेट दुकानाचं शटर ओढत होते. तो खडखडाट पूर्ण थांबेपर्यंत हर्षाली थांबली. मग तिनं घसा साफ केला.